शाळेखालचा बाजार



लेकीकडे इंग्लंडला दोन महिने राहून आले. ती लेस्टरला असते. तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपलं जैन मंदिर आहे. इमारत मूळची चर्चची, १९८८ साली तिथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सगळे एकाच छपराखाली. संगमरवरातलं कोरीव काम पाहून मन भरून आलं. पण आज सांगायचंय ते दुसऱ्याच एका छपराबद्दल.

लेस्टरशायर परगण्याच्या दक्षिण टोकाला मार्केट हारबरो नावाचं जुनं बाजाराचं गाव आहे. एका शनिवारी दशम्या बांधून घेऊन आम्ही रेल्वेने तिथे गेलो. गावाच्या मध्यभागी, उंच मनोऱ्याच्या चर्चला लागूनच, लाकडी खांबांवर उभी असलेली एक छोटीशी इमारत दिसली. ही १६१४ साली बांधलेली शाळा. रॉबर्ट स्मिथ नावाचा याच गावचा गरीब मुलगा लंडनला गेला, मोठ्या हुद्द्याला चढला आणि गावाला शाळा देऊन गेला. वर्ग भरायचे वर माडीवर. खालचा भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला, का तर बाजारात लोणी विकायला बसणाऱ्यांनी पावसात भिजू नये!

मी बी.कॉम. झालेली, हिशेब लगेच डोक्यात आला. खर्च एक आणि पुण्य दोन खात्यांवर जमा.

मग आपलं गाव आठवलं. गेल्या वर्षी मंदिराला नवी फरशी बसवली. आम्हीही सासूबाईंच्या नावे रक्कम दिली, पाटीवर नाव लागलं. त्याच मंदिराच्या पायरीशी भाजीवाल्या मावशी डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून बसतात. पाऊस आला की मेथी सडते. आणि मी दर्शन घेऊन बाहेर पडते ती जुडीमागे दोन रुपये कमी करायला! आहार, औषध, ज्ञान, अभय ही चार दानं आपण पाठ म्हणतो. मावशींच्या डोक्यावरचं छप्पर यातल्या कशातच बसत नाही का?

कोणी म्हणेल, देवाच्या दारात बाजार नको, गलका होतो, घाण होते. हारबरोला तर चर्चची भिंत चार पावलांवर आहे, शाळा डोक्यावर आहे. तरी बांधणाऱ्याला बाजाराची अडचण वाटली नाही. आणि आपल्या वाडवडिलांनी तरी मंदिरं कशातून बांधली? बाजारातल्या कमाईतूनच ना?

संगमरवर नको असं मी म्हणत नाही. पण पुढची इमारत बांधताना खाली चार खांबांची जागा मोकळी सोडावी, एवढंच म्हणणं आहे. तोवर दसलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, आम्ही पत्र्याची शेड आणि एक नळ बोलणार आहोत. पाटी नको.

आमच्या ह्यांनी होकार दिलाय. कमिटीचा यायचाय.