भेसळीची शिक्षा

अमली पदार्थ पकडल्याच्या बातमीत किलो असतात आणि कोटी असतात. मालाची शुद्धता बहुधा नसते. दुधातले पाणी हुडकण्यासाठी ज्या देशात गावोगावच्या डेअरीत लॅक्टोमीटर पोहोचला, त्याच देशात माणसाला वीस वर्षे तुरुंगात धाडू शकणाऱ्या पुडीतली भेसळ मोजण्याची गरज कायद्याला वाटत नाही.

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये दोघे पकडले गेले, असे समजू. एकाजवळ २४० ग्रॅम जवळजवळ शुद्ध हेरॉइन आहे. दुसऱ्याजवळ २६० ग्रॅम भुकटी आहे. तीत हेरॉइन चार टक्के, म्हणजे साडेदहा ग्रॅमही नाही, बाकीची निव्वळ भर. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅमपर्यंत आणि २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक मात्रा. पहिल्याला जास्तीत जास्त दहा वर्षे, किमान शिक्षा नाही. दुसऱ्याला कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. कलम ३७ मुळे जामीनही त्यालाच दुर्मीळ: आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी आधार आहे, अशी न्यायालयाची खात्री खटला चालण्याआधीच पटावी लागते. पहिल्याच्या मालातून दुसऱ्याच्या प्रतीची जवळपास सहा किलो भुकटी तयार होईल, ही गोष्ट या हिशेबात कोठेच येत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. २००१ च्या दुरुस्तीने मात्रांच्या पायऱ्या आणल्या, त्या तस्कराला कठोर आणि व्यसनी माणसाला सौम्य शिक्षा व्हावी म्हणून. २००८ मध्ये ई. मायकेल राज यांच्या खटल्यात ४ किलोंहून अधिक माल होता, पण त्यात हेरॉइन दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने मूळ द्रव्याचेच वजन धरले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, केंद्राने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याचे ठरवले. आणि एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मायकेल राजचा निकाल चुकीचा ठरवला.

या निकालामागचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. रस्त्यावर शुद्ध माल विकला जात नाही, अपाय होतो तो मिश्रणानेच, आणि भर वगळली तर विक्रेते भेसळीआड लपतील. परंतु अपाय मिश्रणाने होत असेल, तर तो त्यातील द्रव्याच्या मात्रेवर ठरतो, पिठाच्या वजनावर नव्हे. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने द्रावणाच्या वजनाला विद्राव्याचे वजन म्हटले, तर त्याचे गुण कापले जातात.

एलएसडीत ही विसंगती थट्टेच्या पातळीला जाते. त्याची व्यावसायिक मात्रा ०.१ ग्रॅम. एका मात्रेत साधारण ०.१ मिलिग्रॅम द्रव्य धरले, तर शुद्ध वजनाने ही सीमा हजार मात्रांवर येते. मात्र द्रव्य टिपकागदावर असते. कागदाचा तुकडा १५ मिलिग्रॅमचा मानला, तर सात तुकडे सीमा ओलांडतात. अल्प मात्रा २ मिलिग्रॅमची असल्याने एकच तुकडा बाळगणाराही त्या सवलतीबाहेर पडतो. म्हणजे कागदासकट मोजल्यास एलएसडीची अल्प मात्रा व्यवहारात अस्तित्वातच राहत नाही. कागद हे मिश्रण की नुसते वाहक, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. शाईसकट कागदाचे वजन करून लेखकाची विद्वत्ता ठरवावी, तसा हा प्रकार!

शुद्धता मोजणे अवघड आहे, ही सबब चालणार नाही. वायू वर्णलेखन न्यायवैद्यक प्रयोगशाळांना नवे नाही; त्या पद्धतीने घटकाचे प्रमाण काढता येते. संसदेत नवा कायदाही लागत नाही. मात्रा अधिसूचनेने ठरतात, २००९ ची टीपही अधिसूचनेनेच आली. केंद्राला ती त्याच लेखणीने मागे घेता येईल. तोवर सिव्हिल लाइन्सच्या त्या दुसऱ्या माणसासाठी आरोपपत्राची मुदत नेहमीची ६० वा ९० दिवस नसून १८० दिवस आहे, आणि ती एक वर्षापर्यंत वाढू शकते.