विश्लेषण : अंक रद्दीत गेला, मूळ चित्र कुठे आहे?

परतूर तालुक्यातील वाटूरसारख्या गावात जुन्या घराच्या माळ्यावर दिवाळी अंक, 'वेताळ' किंवा 'अमर चित्र कथा' यांचा गठ्ठा सापडणे नवलाचे नाही. असे अंक हजारोंनी छापले जात, त्यामुळे एक प्रत फाटली तरी दुसरी कुठेतरी असतेच. मात्र ज्या कागदावर चित्रकाराने ते चित्र काढले, तो कागद एकच असतो. परदेशात अशा मूळ कागदांना कोट्यवधींची किंमत येते. आपल्याकडे ते बहुतेकदा चित्रकाराच्या किंवा प्रकाशकाच्या कपाटात पडून राहतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. हे कागद जपण्यात नेमका कसला आनंद आहे आणि ते न जपल्यास काय गमावले जाते?

मूळ चित्र म्हणजे नेमके काय?

संगणक येण्यापूर्वी व्यंगचित्र किंवा चित्रकथेचे पान जाड कागदावर पेन्सिलीने आखून मग कुंचल्याने किंवा टाकाने काळ्या शाईत पक्के केले जाई. ते छापायच्या आकारापेक्षा मोठे काढायची पद्धत होती, कारण लहान करताना रेषा नेटकी दिसते. त्याचे छायाचित्र घेऊन छपाईसाठी ब्लॉक किंवा फिल्म तयार होई. एकदा ब्लॉक झाला की छापखान्याच्या दृष्टीने मूळ कागदाचे काम संपे. म्हणून त्यावर पेन्सिलीच्या पुसट रेघा, चूक झाकणारा पांढरा रंग, समासातल्या सूचना आणि डिंकाने चिकटवलेला मजकूर असे सगळे राहून जाते. छापील पानावर यातले काहीच दिसत नाही.

संग्राहकाला आनंद कशाचा?

छापील चित्रात विनोद पूर्ण झालेला असतो, तर मूळ चित्रात तो घडताना दिसतो. शि. द. फडणीस यांचे १९५०च्या दशकातील 'मोहिनी'चे गाजलेले मुखपृष्ठ आठवावे. बसथांब्यावर उभ्या तरुणीच्या साडीवर उंदीर आहेत आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरे. चित्रात शब्द एकही नाही. असे चित्र मुळातून पाहताना कुठली रेष एका झटक्यात आली आणि कुठली दोनदा विचार करून, हे कळते. २९ जुलै १९२५ रोजी जन्मलेल्या फडणीसांनी 'हसरी गॅलरी' या प्रदर्शनांतून आपली चित्रे थेट लोकांसमोर नेली. 'बालभारती'च्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांतील त्यांची चित्रे तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कित्येकांनी नाव न जाणता पाहिली आहेत. बालपणी बोट ठेवून मोजलेले चित्र ज्या हाताने काढले, त्या हाताची खूण पुन्हा भेटणे हा आनंद किमतीत मोजता येत नाही. दहा वर्षे भिंतीवर असलेल्या चित्रातही एखादा तपशील नव्याने दिसतो, म्हणून तो टिकतोही.

आपल्याकडे ही परंपरा नवी आहे का?

मुळीच नाही. चित्रे एकामागून एक दाखवत कथा गाऊन सांगणाऱ्या चित्रकथींची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ती जिवंत ठेवली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मराठवाड्याचा वाटाही मोठा आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची, ठळक रंगांची आणि मोठ्या डोळ्यांच्या पात्रांची जी चित्रे आज 'पैठण शैली' म्हणून जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत, त्यांना हे नाव गोदाकाठच्या पैठणवरून मिळाले.

ही चित्रे अभ्यासकांपर्यंत पोहोचली ती संग्रहाच्या वेडामुळे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा 'जुन्या-पान्या' वस्तू जमवायला सुरुवात केली. अशी चित्रेही त्यांनी गोळा केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारलेले हे संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केले. पोथीतून सुटलेले पान कुणाला तेव्हा रद्दी वाटले असेल. केळकरांना ते तसे वाटले नाही, एवढाच फरक.

किमती कुठवर गेल्या आहेत?

'टिनटिन'चे जनक एर्जे यांनी १९३६ मध्ये 'ब्लू लोटस'च्या मुखपृष्ठासाठी काढलेले आणि न वापरलेले चित्र जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले. हे चित्र घडी घालून प्रकाशकाच्या लहान मुलाला दिले होते आणि ते वर्षानुवर्षे खणात राहिले, असे विक्रेत्यांनी सांगितले होते. घडीच्या खुणा त्यावर आजही आहेत. जानेवारी २०२२ मध्ये 'स्पायडरमॅन'च्या १९८४ मधील एका पानाला अमेरिकेत ३३ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. हे आकडे अपवादाचे आहेत. ते पाहून गुंतवणूक म्हणून या छंदात उतरणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता जास्त.

चित्र विकत घेतले म्हणजे हक्कही मिळतो का?

नाही. कागद विकत घेणाऱ्याला त्यावरील चित्र छापण्याचा, पुस्तकात वापरण्याचा किंवा कॅलेंडरवर घालण्याचा हक्क मिळत नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हा हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतो आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९७१ मध्ये निधन झालेल्या दीनानाथ दलालांच्या चित्रांबाबत ही मुदत २०३१ पर्यंत आहे.

याच कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये फारशी चर्चेत नसलेली एक तरतूद आहे. चित्रकार हा हक्काचा पहिला धनी असेल आणि मूळ चित्र १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत त्याचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो. तो जास्तीत जास्त १० टक्के. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांना मात्र ही तरतूद सहसा लागू होत नाही. तुटपुंज्या मानधनावर दिवाळी अंक सजवणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ही गोष्ट लहान नाही.

मराठवाड्याच्या हवेत कागद कसा टिकवायचा?

ऊन, ओल आणि वाळवी हे तिन्ही शत्रू इथे आहेत. चित्रावर थेट ऊन येऊ देऊ नये. चौकटीत लावताना काच चित्राला चिकटू नये, म्हणून मध्ये जाड कागदाची कड ठेवावी. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी. पिवळा पडलेला डिंक नंतर निघत नाही. पावसाळ्यात ओलसर भिंतीवरून चित्र उतरवावे. घडी घालू नये, कागद सपाट ठेवावा. मागे पेन्सिलीने चित्रकाराचे नाव, अंक आणि वर्ष लिहिल्यास पुढच्या पिढीला शोध घ्यावा लागत नाही.

मग पुढे काय?

बंगळूरुत व्यंगचित्रांचे स्वतंत्र दालन आहे. पुण्यात २०२२ पासून आर. के. लक्ष्मण यांच्या नावाचे कलादालन आहे. पण सगळा भार दोन-चार शहरांतल्या दालनांवर टाकून चालणार नाही. १९०९च्या 'मासिक मनोरंजन'पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत किती चित्रकारांचे हात लागले, याची नोंद त्या अंकांतून मिळेल, पण त्यांचे मूळ काम कुणाकडे आहे हे कुटुंबांना आणि संपादकांनाच ठाऊक असते. ही माहिती त्यांच्याबरोबर संपण्याआधी टिपली पाहिजे. आज बहुतेक चित्रे पडद्यावरच काढली जातात, त्यांचा मूळ कागद नसतोच. म्हणजे जे कागद आहेत, त्यांत आता फारशी भर पडणार नाही. सार्वजनिक ग्रंथालयांनी जुन्या अंकांबरोबर एखादे मूळ चित्र मिळवून वाचनकक्षात लावले, तर त्याला मोठा निधी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी वाचायला आलेल्या मुलाला रेघ शाईत कशी उमटते हे जवळून दिसेल. माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहणे, ही या कामाची सोपी सुरुवात आहे.