चौकशी टिकली पाहिजे

महाविद्यालयात लैंगिक छळाची तक्रार झाली की लहान गावात ती दोन बाजूंनी ओढली जाते. संस्थेची अब्रू जाईल म्हणून कुणी ती आपसांत मिटवायला बघतो, तर कुणी मोर्चा काढून संध्याकाळपर्यंत बडतर्फीचा आदेश मागतो. पहिली वाट अन्यायाची आहे हे सांगावे लागत नाही. दुसरीही मुलीच्या हिताची नाही, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही. गोवा विद्यापीठात २००९ साली राज्यशास्त्राच्या विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रार केली. विद्यापीठाच्या चौकशी समितीने बैठकांवर बैठका घेतल्या, आजारपणासाठी मागितलेली मुदत नाकारली, त्याच्या गैरहजेरीत कामकाज उरकले आणि ५ जूनला अहवाल दिला. पुढच्या जानेवारीत तो बडतर्फ झाला. मुंबई उच्च न्यायालयात ही कारवाई टिकली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती रद्द केली. आरोप खोटे ठरले म्हणून नव्हे, तर बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही म्हणून. प्रकरण पुन्हा समितीपुढे, मे २००९ च्या टप्प्यावर गेले. समितीने वाचवले काही आठवडे, त्यापायी तक्रारदारांची गेली चौदा वर्षे.

यावर आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: मुलगी आधीच धास्तावलेली असते, नियमांचा घोळ घातला तर ती मागे हटेल. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात तर हंगामात आईबाप ऊसतोडीला आणि मुलगी आजीकडे किंवा वसतिगृहात. बोभाटा झाला की शिक्षण सुटते आणि लग्न ठरते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम वाचले तर घोळाला तिथे फारशी जागा नाही. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचे उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत. तोवर त्याला तिच्या उत्तरपत्रिकेला हात लावू न देण्याची तरतूद आहे, तिला रजा देण्याचीही. म्हणजे मुलीला संरक्षण लगेच देता येते, शिक्षा मात्र चौकशीनंतर. ‘खोट्या तक्रारींचे काय’ असे विचारणाऱ्यांनीही कायदा नीट पाहावा. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

खरी अडचण वेळापत्रकाची नाही, माणसांची आहे. वरिष्ठ प्रशासकीय पदावरच्यांनी समितीत असू नये, विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी असावेत, एक सदस्य बाहेरचा असावा, असे विनियम सांगतात. जिथे संस्थाचालक, प्राचार्य आणि प्राध्यापक एकमेकांच्या सोयरिकीत असतात, तिथे हा बाहेरचा सदस्य तरी खरोखर बाहेरचा हवा. अंबाजोगाईची एखादी वकील किंवा बीडची महिला कार्यकर्ती चालेल. अध्यक्षांची मेहुणी चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने संलग्नतेच्या तपासणीत फलकावरची नावे मोजून थांबू नये. समितीचे इतिवृत्त मागावे, कोणत्या तारखेला कोणाला प्रत मिळाली ते पाहावे, आणि इतिवृत्त कोरे असेल तर त्या महाविद्यालयात तक्रारच नाही, असे गृहीत धरू नये.