बाभुळगावच्या वाटेवर न आलेले रूळ

१/
यवतमाळहून धामणगाव रेल्वे स्थानकाकडे निघालेली एसटी साधारण निम्म्या वाटेवर बाभुळगावला थांबते. कापसाच्या या तालुक्यात बेंबळा नदीवर मोठे धरण उभे राहिले; रेल्वे मात्र आली नाही. ती यावी का आणि आली तर कोणत्या रूपात, याचे उत्तर शोधण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे, थेट बार्शीपर्यंत जावे लागते.

२/
जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांत मागणी आली होती. लोहमार्ग बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असा गेला आणि यवतमाळ त्यापासून सुमारे ४५ किलोमीटर दक्षिणेस राहिले. मुख्य मार्गाला जवळचे स्थानक धामणगाव, आणि त्या वाटेवरचे गाव बाभुळगाव.

३/
हाच प्रश्न सोलापूर जिल्ह्यात बार्शीपुढे होता. भरभराटीची बाजारपेठ, पण मुख्य मार्गापासून सुमारे २१ मैल दूर. एवढ्या अंतरासाठी पूर्ण क्षमतेचा लोहमार्ग घालणे परवडणारे नव्हते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने त्यावर उपाय शोधला, आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावू लागली.

४/
तिचे रूळ अडीच फूट अंतराचे होते. परंतु खरी युक्ती त्या अरुंदपणात नव्हती. चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा दंडक होता. भार अनेक चाकांवर समान वाटला की हलके रूळ पुरतात, पुलांचा खर्च घटतो आणि तरीही भरपूर माल वाहता येतो. ‘लाइट’ या शब्दाचा अर्थ हा होता.

५/
हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एका बाजारपेठेसाठी घातलेले २१ मैलांचे रूळ तीस वर्षांत सव्वातीनशे किलोमीटरांचे जाळे झाले. वारकरी, व्यापारी आणि शेतमाल या सर्वांनी ते जिवंत ठेवले. १९५४ साली हा मार्ग सरकारने ताब्यात घेतला.

६/
विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळलाही अडीच फुटी रेल्वे मिळाली. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ असा सुमारे ११३ किलोमीटरांचा होता. दुसरी शाखा अचलपूरला जाई. लोकांनी तिला नाव दिले ‘शकुंतला’.

७/
शकुंतलेने पश्चिम वऱ्हाडचा कापूस वाहिला; पण यवतमाळहून नागपूरला जाणाऱ्या प्रवाशासाठी ती उलट दिशेची होती. आधी पश्चिमेस मूर्तिजापूर गाठायचे आणि मग पूर्वेस परतायचे, हे कोणाला परवडणार? धामणगावची वाट त्यामुळे रस्त्याचीच राहिली, आणि बाभुळगावही रस्त्याच्याच भरवशावर राहिले.

८/
१९५१ च्या सुमारास देशातील रेल्वे मार्गांची पुनर्रचना झाली, तेव्हाही हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला. मालकी कंपनीची आणि गाड्या सरकारी रेल्वेच्या, या दुहेरी व्यवस्थेत नव्या भांडवलाची वाट अरुंद झाली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन येथे १९९४ पर्यंत राबत होते. रसिकांना ते कौतुकाचे वाटते. नियोजनकाराने त्याकडे इशारा म्हणून पाहावे.

९/
बार्शीच्या मार्गाचे पुढे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी धावली, ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी, म्हणजे मुख्यतः त्या जुन्या लाइट रेल्वेच्याच वाटेने. त्याच दशकात यवतमाळची शकुंतला मात्र थांबली.

१०/
या दोन कथांतून निघणारा निष्कर्ष असा, की मार्ग लहान असल्यामुळे मरत नाही. त्यात गुंतवणूक थांबली की मरतो. आणि रूळ बदलले तरी रेल्वेसाठी राखलेली जमिनीची पट्टी टिकते. तीच पुढील पिढीची ठेव असते.

११/
जुन्या पद्धतीतला दोषही लपवू नये. अरुंद रुळांमुळे जंक्शनवर प्रत्येक गासडी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे आणि प्रवाशाला गाडी बदलावी लागे. म्हणून नव्या काळातील लाइट रेल्वे भाराने हलकी असावी. रूळ मात्र मुख्य मार्गाइतकेच रुंद असावेत.

१२/
जर्मनीतील कार्ल्सरूहे शहराने १९९२ साली ट्राम थेट मुख्य लोहमार्गावर नेली आणि आसपासची गावे गाडी न बदलता शहराशी जोडली. भारतातही राजस्थानात मेडता रोड ते मेडता सिटी या छोट्या ब्रॉडगेज मार्गावर रेल्वेबस चालवली गेली. कल्पना परकी नाही, अशक्यही नाही.

१३/
आता बाभुळगावकडे पाहावे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हा मार्ग यवतमाळला पोहोचल्यावर यवतमाळ, बाभुळगाव, धामणगाव असा सुमारे ४५ किलोमीटरांचा हलका ब्रॉडगेज दुवा घातला, तर वर्धा-कळंब-यवतमाळ-बाभुळगाव-धामणगाव-पुलगाव-वर्धा असे वर्तुळ पूर्ण होईल. दोन-तीन डब्यांची गाडी त्यावर दिवसभर फिरू शकेल.

१४/
एसटी पुरेशी नाही काय, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे: विरळ वस्तीत बसइतके लवचिक आणि स्वस्त साधन दुसरे नाही, आणि गावोगाव रूळ घालणे हा अविचार ठरेल. पण रोज महाविद्यालयासाठी, रुग्णालयासाठी, नोकरीसाठी जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्यांना ठरलेल्या वेळेची, पावसाळ्यातही न चुकणारी वाहतूक हवी असते. गावातून स्थानकापर्यंत एसटी आणि स्थानकापासून पुढे रेल्वे, अशी जोड असेल तर दोन्ही साधने एकमेकांना बळ देतील.

१५/
प्रवासी पुरेसे मिळतील का, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर भावनेने देता येत नाही. ते सर्वेक्षणानेच मिळेल. मात्र सर्वेक्षणात अवजड, जलद गाड्यांचा मापदंड लावला तर असा मार्ग नेहमीच तोट्याचा दिसेल. बार्शीला तोच मापदंड लावला असता, तर १८९७ साली काहीच घडले नसते.

१६/
म्हणून पहिली मागणी रुळांची नसावी, आराखड्यातील रेषेची असावी. धामणगाव-यवतमाळ रस्त्यालगत घरे, गोदामे, पेट्रोलपंप उभे राहण्यापूर्वी एक पट्टी राखली जावी. कॅलथ्रॉपच्या रुळांची रेषा शंभरहून अधिक वर्षांनी लातूरचे पाणी घेऊन आली. बाभुळगावच्या वाट्याला तशी रेषा आजवर आलेली नाही. ती आखण्याची वेळ अजून गेलेली नाही.