दृश्य आभासी, व्यायाम खरा

मा. संपादक यांस,


आभासी वास्तवातील सांधेव्यायाम हे परदेशी नवे खूळ होय, हे आपल्या अंकातील विधान वस्तुस्थितीस धरून नाही. कारण आभासी दृश्य दाखविणारे, डोक्यावर बसवावयाचे दृक्‌यंत्र इव्हान सदरलँड यांनी १९६८ सालीच सिद्ध केले होते, आणि वर्ध्यानजीक सावंगी (मेघे) येथील रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालयातील अभ्यासकांनीही या विषयावर संशोधन केले आहे. आखडलेल्या खांद्याचा जो रुग्ण वेदनेच्या धास्तीने हात उचलीत नाही, तोच समोरचे आभासी फळ तोडण्याच्या नादात हात वर नेतो. मात्र सांधा किती अंश वळला हे कोनमापक लावून पाहणारा तज्ज्ञ हवाच, सबब त्याच्या पोटावर पाय येईल ही भीती निराधार आहे. खर्चाचा मुद्दा तेवढा ग्राह्य; परंतु त्यावर उपाय निषेध नव्हे, नागपूरच्या मेडिकल व मेयो या शासकीय रुग्णालयांसाठी शासनाची तरतूद.


एक फिजिओथेरपिस्ट, धरमपेठ, नागपूर