लाल कोळी आणि आपली घाई

उन्हाळ्याच्या सुटींत परसांतील गुलाबाचीं अथवा वांग्याचीं पानें निस्तेज होऊं लागतात. त्यांवर पांढुरके ठिपके उमटतात. पान उलटून पाहिलें तर बारीक जाळें व त्यांत हिंडणारे लालसर कण दिसतात. हेच लाल कोळी. प्रौढ कीटकास सहा पाय असतात, यांस आठ; आणि लांबी सुमारें अर्धा मिलिमीटर.

ते दिसतांच आपण बाजारांतून तीव्र औषध आणून फवारतों. चार दिवस झाड बरें दिसतें. पुन्हां कोळी आले कीं पुन्हां तेंच औषध, प्रमाण थोडें वाढवून! ही रीति निष्फळ तर आहेच, पण ती शत्रूलाच बलवान् करते, असें माझें स्पष्ट मत आहे.

पुष्कळांस वाटतें कीं, औषधाची संवय होऊन कोळी कणखर बनतो. वस्तुतः तसें नाहीं. असंख्य कोळ्यांत एखादा जन्मतःच असा निघतो कीं त्याजवर तें औषध चालत नाहीं. फवाऱ्यानें बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढील पिढी त्याचीच वाढते. उष्ण हवेंत अंड्यापासून प्रौढ होण्यास जेमतेम एक आठवडा पुरतो, व एक मादी सुमारें १०० अंडीं घालते. मग नवी फौज उभी राहण्यास कितीसा वेळ लागणार? मेलँडर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें फळझाडांवरील खवले किडीच्या बाबतींत हा धोका १९१४ सालींच दाखविला होता. आज लाल कोळ्याच्या एकाच जातीनें ९० हून अधिक औषधी द्रव्यांस दाद न दिल्याची नोंद आहे.

मग करावें काय? प्रथम पाणी. धूळ व कोरडेपणा यांत कोळी माजतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनीं सकाळीं पानांची खालची बाजू जोराच्या फवाऱ्यानें धुवावी. फार बिघडलेलीं पानें तोडून नष्ट करावींत. ढालकिडे व कोळ्यांस खाणारे दुसरे शिकारी कोळी हे आपले मित्र होत. तीव्र कीटकनाशकानें आधीं तेच मरतात व शत्रूस रान मोकळें मिळतें. औषध अगदीं शेवटीं, सांगितलेल्या प्रमाणांतच, आणि लागोपाठ एकाच वर्गाचें कधींही नको. निरनिराळ्या नांवांच्या बाटल्यांत पुष्कळदां एकाच वर्गाचें द्रव्य असतें. यास्तव नांवावर न जातां आंतील द्रव्याचा वर्ग विचारून घ्यावा.

कोणी म्हणेल, "आमच्या चार कुंड्यांनीं जगाचें काय बिघडणार?" परंतु हे कोळी वाऱ्यावर वाहत दूर जातात. आमच्या कुंडींत निपजलेला, औषधास न जुमानणारा कोळी उद्यां शेजारच्या शेतकऱ्याच्या भेंडीवर जाईल, आणि त्या गरिबानें पदरचे पैसे खर्चून आणलेलें औषध फुकट जाईल. गुणकारी औषध ही सर्वांची समाईक ठेव आहे. ती उधळण्याचा अधिकार कोणा एकास नाहीं.

मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची निगा राखण्यासाठीं, ही शिकवण आपण शाळेंत ऐकतों. तेव्हां पालकांनीं या सुटींत मुलांच्या हातीं औषधाची बाटली न देतां पाण्याची झारी द्यावी, आणि मुलांनींही रोज पान उलटून पाहण्याचा नेम धरावा. घाईनें जें साधत नाहीं, तें नित्याच्या निगेनें साधतें.