खेळण्यातली बंदूक बाळगली तर गुन्हा होतो का? कायदा, कस्टम्स आणि हौशी लोकांची कोंडी

३० ऑक्टोबर २०२५. मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनसाठी बोलावलेल्या १७ मुलांना एका माणसानं ओलीस धरलं. पोलीस बाथरूमच्या बाजूनं आत शिरले, गोळी सुटली आणि तो माणूस मेला. मुलं सुखरूप बाहेर आली. त्याच्याकडे एअर गन आणि काही रसायनं होती, असं पोलिसांनी नंतर सांगितलं.

एअर गन म्हणजे छऱ्याची बंदूक. पण दहा-पंधरा फुटांवरून छऱ्याची कोणती आणि गोळीची कोणती, हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. हल्ली मिळणारी खेळण्यातली पिस्तुलं तर वजन, रंग आणि स्लाइड मागे ओढल्यावर येणारा आवाज, सगळ्यातच खऱ्यासारखी असतात. मग असली वस्तू घरात ठेवायची की नाही? ऑनलाइन मागवली तर पार्सल पोहोचेल की पोलीस पोहोचतील?

अहिल्यानगरमध्ये हा प्रश्न जरा जास्तच गंभीर आहे. एक तर हे लष्कराचं शहर. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथेच, १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय इथेच. लष्करी सामानाची, मॉडेल्सची, जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींची आवड इथल्या पोरांना लागली तर नवल नाही. दुसरं म्हणजे, गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गाव अशा कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि तिथला माल महाराष्ट्रात येतो हेही पोलीस वारंवार सांगतात. ज्या भागात खरी पिस्तुलं कमरेला लावलेली सापडतात, तिथल्या हवालदाराला समोरच्याच्या हातातली वस्तू ‘खोटीच असेल’ असं समजून चालत नाही.

१९५९ च्या कायद्यातच उत्तर आहे, पण अर्धं

भारतात शस्त्रांचा मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. त्यात ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं याची व्याख्या कलम २ मध्ये आहे आणि तिथेच खेळण्यांना सूट दिली आहे. जी वस्तू खेळण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही आणि जिचं चालू शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, ती शस्त्र नाही. लाठी आणि साधी हातातली काठी यांनाही तिथेच वगळलंय.

म्हणजे यात्रेतल्या दुकानातून घेतलेली टिकल्यांची बंदूक हा गुन्हा नाही, हे स्पष्ट आहे. गंमत पुढे आहे. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये ‘नकली अग्निशस्त्र’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ भलताच व्यापक आहे. जे काही बंदुकीसारखं दिसतं ते नकली अग्निशस्त्र, मग त्यातून गोळी सुटो अगर न सुटो.

अशी वस्तू जवळ असणं हा कलम ६ खाली गुन्हा नाही. विनापरवाना तिचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. कलम २८ त्याहून महत्त्वाचं. अटक टाळण्यासाठी तुम्ही बंदूक दाखवली, तर ती नकली असली तरी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे ‘साहेब, प्लास्टिकची होती’ हा बचाव चालत नाही.

लुटीच्या गुन्ह्यात मात्र वेगळं चित्र दिसतं. प्राणघातक शस्त्र वापरून लूट केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३११ खाली किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. पण खेळण्यातलं पिस्तूल ‘प्राणघातक शस्त्र’ ठरत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं एकाहून अधिक प्रकरणांत म्हटलंय. याचा अर्थ आरोपी सुटतो असा नाही. भीती घालून लुटलं की कलम ३०९ लागतंच. त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर लुटलं तर १४ वर्षांपर्यंत. नगर–मनमाड रस्त्यावर रात्री ट्रकचालकाला अडवून खोटं पिस्तूल दाखवणारा कायद्याच्या लेखी लुटारूच आहे.

थोडक्यात, मूळ कायदा ‘जवळ काय आहे’ यापेक्षा ‘त्याचं केलं काय’ हे जास्त बघतो. माझ्या मते ही भूमिका योग्य आहे. अडचण सुरू होते ती नंतरच्या नियमांपासून.

ज्यूल मोजायचे की चेहरा बघायचा?

२०१६ मध्ये केंद्रानं नवे शस्त्र नियम आणले. त्यात एअर गनसाठी दोन आकडे ठरले. छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा) जास्त असेल तर परवाना हवा. त्याच्या आतली असेल तर घेणाऱ्याला परवान्याची गरज नाही. दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मागतो.

नेमबाजांना हे सोयीचं आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात जगज्जेता झाला, त्या रायफलचा व्यास ४.५ मिलिमीटरच असतो आणि ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल.

आता एअरसॉफ्ट घ्या. हा खेळ जपानमध्ये जन्मला. हुबेहूब बंदुकीतून प्लास्टिकची छोटी गोळी मारायची आणि दोन संघांनी लुटुपुटूची लढाई खेळायची. गोळी ०.२ ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा सहसा एक-दीड ज्यूल. म्हणजे ऑलिम्पिकच्या रायफलपेक्षा कितीतरी कमी. पण गोळीचा व्यास ६ मिलिमीटर! नुसता व्यासाचा आकडा लावला तर साडेसात ज्यूलची रायफल मोकळी सुटते आणि एक ज्यूलची एअरसॉफ्ट अडकते.

यात दिसण्याचा विचार कुठेच नाही, हे लक्षात घ्या. लोकांना भीती वाटते ती दिसण्यामुळे. पोलिसाचा हात होल्स्टरकडे जातो तोही दिसण्यामुळे. ज्यूल काय ते नंतर प्रयोगशाळेत कळतात.

मग हे खेळणं तरी आहे का?

२०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर आपलं मानक बेतलंय, त्याच्या कक्षेतून हवेच्या किंवा गॅसच्या दाबावर चालणारी पिस्तुलं आणि मोठ्यांसाठीच्या संग्रहाच्या वस्तू बाहेर ठेवलेल्या आहेत. थोडक्यात, तिशीतल्या माणसानं कपाटात मांडायला घेतलेली धातूची प्रतिकृती ‘खेळणं’ ठरत नाही.

खेळणं नाही, तर मग काय? आयातीच्या यादीत दोन कप्पे आहेत. ९५०३ म्हणजे खेळणी. २०२० मध्ये त्यांच्यावरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. दुसरा कप्पा ९३०४, म्हणजे स्प्रिंग, हवा किंवा गॅसवर चालणाऱ्या बंदुका वगैरे ‘इतर शस्त्रं’. पहिल्यात शुल्काचा मार, दुसऱ्यात आयातीवरच निर्बंध. तुमचं पार्सल कोणत्या कप्प्यात टाकायचं हे कस्टम्सचा अधिकारी ठरवतो.

समजा, सावेडीतल्या एका इंजिनिअर पोरानं हाँगकाँगहून आठ हजारांचं एअरसॉफ्ट पिस्तूल मागवलं. कागदावर विक्रेत्यानं ‘टॉय’ लिहिलं. मुंबईत स्कॅनरवर पिस्तुलाचा आकार दिसला की पार्सल बाजूला. पैसे गेले, आणि चुकीची माहिती देऊन माल आणल्याची नोटीस आली तर वकील वेगळा. त्यानं कुणाला धमकावलेलं नसतं. पण कायदेशीर मार्गानं आणायचं म्हटलं तरी त्याच्यासाठी वेगळी खिडकीच नाही. नामांकित नेमबाजांना आयातीत सवलत आहे, हौशी खेळाडूला नाही.

बाहेर काय करतात?

ब्रिटननं सर्वात कडक आणि तरीही हौशी लोकांचा विचार करणारा मार्ग निवडला. २००६ च्या कायद्यानं हुबेहूब नकली बंदुका बनवणं, विकणं आणि आयात करणं गुन्हा ठरवलं. १ ऑक्टोबर २००७ पासून तो लागू झाला. पण नाटक, चित्रपट, संग्रहालयं, ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणारे गट आणि नियमित एअरसॉफ्ट खेळणारे यांच्यासाठी त्यात वाट ठेवली. ज्याच्याकडे क्लबची नोंदणी नाही त्यानं भडक रंगाची घ्यायची. १८ वर्षांखालील मुलांना नकली बंदूक विकायचीच नाही. जपाननं ऊर्जेवर मर्यादा घातली. तिथे २००६ पासून एअरसॉफ्टची कमाल ऊर्जा ०.९८ ज्यूल आहे.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटापासून खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी टोक लावणं बंधनकारक आहे. पण २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँडमध्ये १२ वर्षांच्या तामिर राइसला पोलिसांनी गोळी घातली, तेव्हा त्याच्या हातातल्या एअरसॉफ्टचं नारिंगी टोक निघालेलं होतं. गाडी थांबल्यापासून गोळी सुटेपर्यंत दोन सेकंदही गेले नव्हते. नुसत्या रंगाच्या टोकावर विसंबण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

भारतासाठी ब्रिटनचा साचा जास्त उपयोगी वाटतो: क्लब नोंदवा, खेळाची जागा ठरवा, सदस्याला ओळखपत्र द्या, बाकीच्यांना भडक रंग. सरसकट बंदी घातली तर भुर्दंड बसेल तो हौशी पोराला. कट्टेवाल्याला काय फरक पडणार? त्याचा माल आजही बेकायदाच आहे.

तोवर तुम्ही काय सांभाळायचं?

सणासुदीच्या किंवा आंदोलनाच्या काळात जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतं. वर्तमानपत्रात छोट्या चौकटीत ते येतात आणि कुणी वाचत नाही. त्या काळात बंदूक, तलवार, काठी किंवा इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरता येत नाही. परवाना न लागणारी एअर गनही त्यातून सुटेल असं समजू नका. मैदानावर न्यायची तर बंद पेटीत न्या आणि खरेदीची पावती सोबत ठेवा.

रीलचा मोह टाळा. पिस्तूल कमरेला लावून दुचाकीवर काढलेल्या व्हिडिओवर पोलीस आधी पोराला उचलतात. खरं-खोटं त्यानंतर तपासलं जातं.

छऱ्याच्या बंदुकीनं पक्षी मारणं हा खेळ नाही. पारव्यापासून मोरापर्यंत कशावरही नेम धरण्याआधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवा. तो ज्यूल मोजत नाही.

आणि परदेशातून मागवायचंच असेल, तर विक्रेत्याला पैसे पाठवण्याआधी तो खोक्यावर ९५०३ लिहिणार की ९३०४ हे विचारून घ्या. ‘टॉय लिहितो, काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर ऑर्डर रद्द करा, कारण नोटीस त्याच्या पत्त्यावर जात नाही.